१५ ऑगस्टला सगळी सोसायटी घेऊन वॉटर पार्कला जायचंय? मग हे आधी वाचा

बडोद्यात नवीन आलात, पुण्या-नाशिककडून बदली होऊन, आणि सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं की यंदा झेंडावंदन झालं की सगळे मिळून पार्कला जाऊया का, आणि तुम्ही उत्साहाच्या भरात पहिला अंगठा दाखवलात, तर समजून चाला, आयोजन तुमच्याच गळ्यात पडलं. माझं असंच झालं. वाघोडिया रोडला आमची छोटी सोसायटी, निम्मी घरं मराठी निम्मी गुजराती, आणि मी तेव्हा इथे येऊन जेमतेम वर्ष झालेलं. त्यानंतर चार वेळा ही ट्रिप केली. पहिल्या वर्षी इतका गोंधळ झाला की परत येताना बसमध्ये कोणी कोणाशी बोलत नव्हतं. आता मात्र जमतं, म्हणून लिहितेय.

आधीच एक सांगते. झेंडा सकाळी, पाणी नंतर, आणि दोन्ही एकमेकांत मिसळायचं नाही. बाकी सगळं यातच येतं, का ते पुढे कळेलच.

१. तारीख बघा, म्हणजे फक्त १५ ऑगस्ट नाही, आजूबाजूचे दिवस पण

तुम्ही म्हणाल १५ ऑगस्टला काय बघायचं, ती तर ठरलेलीच आहे. पण २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तीन दिवशी जवळजवळ सगळ्यांनाच सुट्टी असते, मकरपुरा-नंदेसरीच्या कारखान्यांपासून बँकांपर्यंत. त्यामुळे रविवारी न दिसणारी गर्दी या दिवशी दिसते. त्यात श्रावण. इकडे सातम-आठमच्या, म्हणजे सप्तमी आणि जन्माष्टमीच्या, सुट्ट्या दिवाळीसारख्या मनावर घेतात. २०२५ ला शुक्रवारी १५ ऑगस्ट, शनिवारी जन्माष्टमी, मग रविवार, असा तीन दिवसांचा जोड आला होता, आणि अर्ध्या गुजरातने कुठेतरी जायचं ठरवलेलं होतं.

शिवाय त्याच शुक्रवारी शीतळा सातम होती, हे आमच्यातल्या एकाही मराठी डोक्यात आलं नाही. सातमला चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशी रांधण छठला केलेलंच थंड खायचं. आम्ही जेवणाची गरम थाळीची कुपनं सगळ्यांसाठी घेऊन बसलो आणि आमच्या शेजारच्या बेन शांतपणे डबा उघडून थेपले आणि दही खात बसल्या. "अमारे आजे ठंडु ज खवाय," म्हणाल्या. अकरा कुपनं वाया. तर कॅलेंडर बघताना मराठी कालनिर्णय आणि शेजारच्या बेन, दोघांना विचारा.

२६ जानेवारीला का नाही, असं विचारतात लोक. जा की, पण पाण्याचे राइड विसरा, जानेवारीत सकाळी दहाला त्या पाण्यात पाय घातला तरी कळ येते. तेव्हा कोरडे राइड असलेला पार्क बघायचा.

२. पार्क ठरवणं

झेंडावंदन करून मग निघायचं असेल तर लांबचं काही जमत नाही, बडोदेकर साहजिकच आजव्याच्या बाजूला बघतात. आजवा चोकडीवरून (चोकडी म्हणजे चौक) हायवे ओलांडला की सरळ रस्ता, शहरापासून वीसेक किलोमीटर. तिथेच आतापी वंडरलँड आणि निमेटाची बाग. आणि आजव्याचं तळं म्हणजे सयाजीराव महाराजांनी बडोद्याला पाणी मिळावं म्हणून बांधलेलं सयाजी सरोवर, १८९२ चं. आमच्याकडच्या आजींना राइडमध्ये रस नव्हता, त्यांना तळं बघायचं होतं, त्यामुळे हा मुद्दा पण लक्षात ठेवा, वयस्कर माणसांना नुसतं प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून ठेवण्यापेक्षा जवळ बघायला काहीतरी हवं.

पार्क कुठलाही असो, आठ दिवस आधी फोन करा आणि हे विचारा: १५ ऑगस्टला चालू आहे ना, त्या दिवशी रेट तोच की सुट्टीचा वेगळा, ग्रुपला किती माणसांपासून सवलत, लहान मुलांचं तिकीट वयावर की उंचीवर, आणि पाऊस जास्त झाला तर पैसे परत की दुसरी तारीख. हे शेवटचं मेसेजवर लिहून घ्या. फोनवर सगळे हो म्हणतात.

पावसाचं मनावर घ्या हं. आजवा किती फुटांवर आहे हे पावसाळ्यात इथे भाजीवाला पण सांगतो. ६२ दरवाज्यांचं धरण आहे, तिथून पाणी सोडलं की ते विश्वामित्रीत येतं आणि नदीबरोबर मगरी पण. २०२४ च्या ऑगस्टअखेर शहरात काय पाणी शिरलं होतं ते जुन्या रहिवाशांना विचारा. त्या आठवड्यात पातळी चढत असेल तर ट्रिप पुढे ढकला, कोणी भित्रा म्हटलं तरी चालेल.

३. पैसे आधी, नावं नंतर

हे मी कडक शब्दात सांगते. ग्रुपवर "आम्ही चार" लिहिणं म्हणजे येणं नाही. पहिल्या वर्षी ३८ जणांनी नावं दिली, सकाळी बसपाशी २६. बसचे पैसे मात्र पूर्ण. आता पैसे आले तरच नाव यादीत, आणि १० ऑगस्टनंतर रद्द केलं तर बसचा वाटा परत मिळत नाही. दोन घरं रुसली होती यावरून, पुढच्या वर्षी त्यांनीच सगळ्यात आधी पैसे भरले.

४. काय काय लागतं

- सगळ्यांच्या नावांची, वयाची आणि फोन नंबरची यादी, कागदावर. मोबाइल लॉकरमध्ये जातो, कागद खिशात राहतो.
- आधारची प्रत, मुलांचं आणि ज्येष्ठांचं वय दाखवायला.
- रोख पैसे. हजारो माणसं एका जागी आली की नेटवर्क बसतं आणि स्कॅनर नुसता गोल गोल फिरतो.
- नायलॉनचे कपडे. सुती टी-शर्ट, ओढणी, साडी, जीन्स बहुतेक ठिकाणी पाण्यात चालत नाही, कारण सुती कापड पाणी पिऊन जड होतं आणि त्याचे धागे फिल्टरमध्ये अडकतात. तिथे भाड्याने मिळतात, पण १५ ऑगस्टला साडेअकराला मापाचं काही उरत नाही. आमच्या काकूंना जे मिळालं त्यात त्या बाहेरच आल्या नाहीत.
- कोरडे कपडे प्रत्येकाचे वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव.
- सेफ्टी पिना, केसांचे रबर, चष्म्याची दोरी, रोजच्या गोळ्या, ओआरएस.

पुण्याहून नवीन आलेला एखादा हमखास विचारतो की त्या दिवशी ड्राय डे असेल ना. भाऊ, हे गुजरात आहे.

५. झेंडावंदन नीट करा, घाईत उरकू नका

पार्कची घाई म्हणून हे पाच मिनिटांत गुंडाळायचा मोह होतो. आम्ही पहिल्या वर्षी तेच केलं. आदल्या रात्री झेंडा बांधायचं काम ज्याच्याकडे होतं त्याने ते सकाळी पावणेसातला केलं, फुलांच्या पाकळ्या भरून चांगली घट्ट गाठ मारली, आणि सोसायटीतल्या सगळ्यात वयस्कर आजींच्या हातात दोरी दिली. आजींनी ओढली. काही नाही. परत ओढली. वर झेंड्याचं गाठोडं नुसतं डोलतंय, खाली सगळे सॅल्यूट करून उभे, बसवाला बाहेरून हॉर्न मारतोय. शेवटी वॉचमन शिडी घेऊन आला.

तर, गाठ अशी मारायची की दोरीचा एक पदर ओढला की सगळी सुटेल, बुटाच्या लेसची अर्धी गाठ असते तशी. पाकळ्या मूठभरच, जास्त भरल्या की ओल्या होऊन कापडाला चिकटतात. आणि आदल्या दिवशी एकदा रिकाम्या फडक्यावर करून बघायचं. आमच्याकडचे एक निवृत्त काका दरवर्षी न चुकता सांगतात की १५ ऑगस्टला झेंडा खालून वर चढवतात, ते ध्वजारोहण, आणि २६ जानेवारीला तो वरच बांधलेला असतो, नुसता उघडतात. सोसायटीत दोन्ही वेळा वरच बांधतात बहुतेक लोक, पण काकांसमोर नका बोलू.

झेंडा आणताना प्रमाण ३:२ आहे ना बघा, म्हणजे तीन फूट लांब असेल तर दोन फूट रुंद, आणि चक्रात २४ आरे. बाजारात कसलेही लांबोडके मिळतात. पूर्वी खादीचाच लागायचा, ३० डिसेंबर २०२१ च्या बदलानंतर पॉलिस्टर आणि मशीनवर केलेला पण चालतो, पावसाळ्यात पॉलिस्टर बरा, लवकर वाळतो. जुलै २०२२ पासून घरावर रात्री पण ठेवता येतो. पण आम्ही सगळेच दिवसभर बाहेर जाणार, मागे वादळ-पाऊस झाला आणि तो फाटून दोरीला लटकला तर बघायला कोण, म्हणून आम्ही निघायच्या आधी उतरवतो. घडी घालताना केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा, मग दोन्ही बाजूंनी आत घेत यायचं, वर चक्र आणि केशरी-हिरव्या पट्ट्यांचा थोडा भाग एवढंच दिसलं पाहिजे. दोन तळहातांवर ठेवून आत न्यायचा. हे काम मुलांना द्या, ती फार मन लावून करतात.

वेळेचं गणित: सातला झेंडा, मग क्लबहाउसमध्ये टीव्हीवर लाल किल्ला, साडेसातच्या सुमारास पंतप्रधान झेंडा फडकावतात आणि मग भाषण. सगळं भाषण बघून निघू म्हणालात तर दहा वाजतील. ज्येष्ठांना बसमध्ये मोबाइलवर लावून द्या. सव्वाआठला बस सुटलीच पाहिजे, बहुतेक पार्क दहाच्या आसपास उघडतात आणि त्याआधी गेटवर असणं म्हणजे निम्मी लढाई जिंकली.

६. कागदी झेंडे गेटच्या बाहेर नेऊ नका

याला वेगळा मुद्दा दिलाय, कारण इथेच सगळे चुकतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

पहिल्या वर्षी मुलांच्या हातात छोटे कागदी झेंडे होते, तसेच बसमध्ये चढली. कोणी खिडकीबाहेर धरला, कोणी खिशात कोंबला. संध्याकाळी कपडे बदलताना आमच्या धाकट्याच्या चड्डीच्या खिशातून एक लगदा निघाला. केशरी, हिरवं सगळं एकात एक उतरलेलं, चक्र कुठे ते कळत नव्हतं, काडी तेवढी शाबूत. ते निवृत्त काका शेजारीच उभे होते. काही बोलले नाहीत. रुमालात घेतला आणि घरी घेऊन गेले.

ध्वजसंहितेत, २००२ ची आहे ती, स्पष्ट लिहिलंय की झेंडा जमिनीला टेकता कामा नये आणि पाण्यात ओढला जाता कामा नये. कागदी झेंडे कार्यक्रमात हलवायला परवानगी आहे, पण नंतर जमिनीवर टाकायचे नाहीत. मग वॉटर पार्क ही त्याला सगळ्यात चुकीची जागा नाही का? तिरंग्याचा रुमाल, तिरंग्याची उशी, कमरेखालच्या कपड्यावर तिरंगा, हे पण चालत नाही, त्यामुळे तसल्या चड्ड्या विकायला दिसल्या तरी घेऊ नका. बसच्या बॉनेटवर झेंडा पसरून बांधणं पण नाही. आणि गाडीवर झेंडा लावायचा अधिकार राष्ट्रपती, पंतप्रधान, मंत्री, न्यायाधीश अशा ठरलेल्या लोकांनाच आहे, आपल्या टेम्पो ट्रॅव्हलरला नाही.

म्हणून आता बसच्या दाराशी एक डबा ठेवतो. चढताना झेंडा डब्यात. मुलांना हौस असतेच, त्यांना मनगटाला केशरी-पांढऱ्या-हिरव्या रिबनी बांधतो, रिबन म्हणजे झेंडा नाही, भिजली तर भिजली.

७. गेटवर

सगळे एकदम रांगेत उभे राहू नका. दोघं जण तिकिटाला, एक जण लॉकरला, बाकी सगळे सावलीत. गेटवर पिशव्या तपासतात आणि बाहेरचं खाणं काढून ठेवतात, तिथे वाद घालून उपयोग नाही. नाश्ता बसमध्येच संपवायचा. आमचा ठरलेला: थेपले, सुक्या बटाट्याची भाजी, लीलो चिवडा, आणि ज्यांचा श्रावणी उपास त्यांना साबुदाण्याची खिचडी. लॉकरची चावी मनगटाला, आणि दर पाच माणसांमागे एक लॉकर. प्रत्येकाला स्वतंत्र हवा असतो, देऊ नका, दिवसभर चाव्याच शोधत बसाल.

८. पाण्यात

इथे मी थोडी कटकटी होते, चालवून घ्या.

१८ जानेवारी २०२४ ला इथे हरणीच्या तळ्यात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांना लाइफ जॅकेट नव्हते. बडोद्यातल्या कुठल्याही आईला पिकनिक म्हटलं की ते आठवतं. त्यामुळे बोट असो की खोल पाणी, जॅकेट नसेल तर बसायचं नाही, "बेन, कंई नथी थतुं" (ताई, काही होत नाही) असं कोणी कितीही म्हणो. जॅकेटचे सगळे पट्टे लावलेत का ते स्वतः ओढून बघा, मुलांच्या जॅकेटचा पायांमधून जाणारा पट्टा नेहमी सुटलेला असतो आणि मग पाण्यात मूल खाली आणि जॅकेट वर.

मुलांच्या जोड्या लावा. आणि प्रत्येक मोठ्या माणसाच्या नावावर तीन मुलं, नाव घेऊन. "सगळे लक्ष ठेवूया" म्हणजे कोणीच ठेवत नाही. दर तासाला ठरलेल्या जागी मोजणी, कागदावरची यादी तेव्हाच लागते. राइडला उंचीची खूण असते, त्याखालच्या मुलाला टाचा उंचावून उभं करणारे बाप मी पाहिलेत, नका करू. वीज कडाडली की शिट्टीची वाट न बघता सगळे बाहेर.

आणि एक अनुभव सांगते. एका वर्षी दुपारी आम्ही वेव्ह पूलमध्ये, कमरेएवढ्या पाण्यात, स्पीकरवर गाणी चालू, आणि अचानक राष्ट्रगीत लागलं. लाटा चालूच. पहिल्या ओळीला कोणाला कळेचना काय करायचं, अर्धे लोक ट्यूबमध्ये आडवे पडलेले. मग आमच्या आजी, ज्या काठावर खुर्चीत होत्या, त्या काठी बाजूला ठेवून उठून उभ्या राहिल्या. ते बघून एकेक जण उभा राहायला लागला, ट्यूब सोडून दिल्या, त्या रिकाम्या ट्यूब लाटांवर एकमेकांना आपटत होत्या. लाट आली की सगळी रांग एक पाऊल मागे जायची, परत सरळ. बावन्न सेकंदच असतात, पण लाटेत सावधान उभं राहून बघा. तर मुलांना आधीच सांगून ठेवा, राष्ट्रगीत लागलं की जिथे असाल तिथे, उभं राहता येत असेल तर थांबायचं. स्लाइडच्या मध्यावर असाल तर अर्थातच घसरत खाली या.

९. जेवण

साडेबाराला रांग लागते, तुम्ही पावणेबाराला जेवा. ग्रुपची कुपनं आधी घेऊ नका, सातमचा किस्सा वर सांगितलाच. जेवल्यावर पाऊण तास कोरड्या राइड, किंवा आजींबरोबर बाकड्यावर.

१०. परतताना

पाचला बस म्हणजे सव्वाचारला पाण्याबाहेर, कारण कपडे बदलायच्या खोल्यांना रांग असते. अंधार पडायच्या आत आजवा चोकडी ओलांडायची, त्यानंतर तिथे गाड्या इंचाइंचाने सरकतात. बस सुटायच्या आधी मोजणी दोनदा, आणि दुसऱ्यांदा मोजणारा वेगळा. एका वर्षी मी ३१ मोजले, बरोबर आले, बस निघाली, आणि मागून आवाज आला की ड्रायव्हरभाईंना पण धरलंत का. धरलं होतं. आमचे एक काका चहाच्या टपरीवर होते.

घरी येताना सेव उसळ ठरलेली, ओले केस, तिखट तर्री, पाव, कोणाला घरी स्वयंपाक नको असतो.

त्याच रात्री हिशोब ग्रुपवर टाका, बिलांच्या फोटोसकट, दुसऱ्या दिवशी टाकला की कोणाला तरी लॉकरचे पन्नास रुपये आठवत नाहीत. आणि बसच्या दाराशी ठेवलेला तो डबा विसरू नका. त्यातले चांगले झेंडे पुढच्या वर्षासाठी वेगळे काढायचे, फाटलेले-चुरगळलेले कचऱ्यात नाही टाकायचे, खाजगीत, मान राखून, शक्यतो जाळून नष्ट करायचे असा नियम आहे. आमच्याकडे ते निवृत्त काकाच करतात, १६ तारखेला सकाळी, गच्चीवर, एका जुन्या घमेल्यात. यंदा धाकट्याने विचारलं मी येऊ का. काका म्हणाले, सहाला ये, उशीर नको.